आंबील फुटू नये, कण्या कच्च्या राहू नयेत: न्याहारीच्या दोन वाडग्यांची क्रमवार कृती

आंबील करायला घेतली की गुठळ्या होतात, ताक घातलं की ती फुटते. कण्या केल्या तर निम्म्यांचा लगदा होतो आणि निम्म्या दाताखाली कचकच लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात नाचण्याची आंबील आणि जोंधळ्याच्या कण्या नव्याने करू पाहणाऱ्यांच्या हातून त्याच चार-पाच जागी चूक होते. शेगडी पेटवण्याआधीच बिघाड झालेला असतो: दुकानात भलतंच धान्य घेतलेलं असतं, भरड चाळलेली नसते किंवा पीठ भिजवायला रात्री उशीर झालेला असतो. म्हणून खाली तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

माप सगळीकडे एकच: वाटी १५० मिलिलिटरची, चमचा ५ मिलिलिटरचा, खाणारी माणसं चार.

१. दुकानात नेमकं काय मागायचं

आपल्या भागात दुकानदार कन्नडमध्ये बोलतो, आपण मराठीत मागतो आणि मधल्या मध्ये धान्य बदलतं. नाचण्याचा घोटाळा होत नाही, ‘रागी’ म्हटलं की तेच मिळतं. जोंधळ्याचा मात्र हमखास होतो. नुसतं ‘जोळ’ म्हटलं तर मका पुढे येऊ शकतो, कारण मक्याला इकडे ‘गोविन जोळ’ म्हणतात. जोंधळा हवा असेल तर ‘बिळी जोळ’ म्हणा. तयार कण्या घ्यायच्या असतील तर ‘जोळद नुच्चू’ असं पूर्ण नाव घ्या. नुसतं ‘नुच्चू’ म्हटलं की बरेचदा तांदळाची कणी बांधून मिळते.

कण्यांसाठी शाळू घ्या, म्हणजे रब्बीचा जोंधळा. दाणा टपोरा, पांढरट पिवळा आणि कडक असतो, म्हणून भरडताना त्याचे तुकडे पडतात. पावसात सापडलेल्या खरीप जोंधळ्याचा दाणा मऊ असतो. भरडला की त्याचं पीठच जास्त होतं आणि कण्या चिकट होतात. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडचा शाळू बाजारात येतो. नाचणा खानापूरच्या डोंगराळ गावांतला मिळाला तर उत्तम, पण त्यात खडे आणि फोलपट जास्त असतात हे धरून चाला.

तपासा: शाळूचा एक दाणा दाताखाली फोडा. ‘कट्’ असा आवाज येऊन तुकडे पडले तर कण्यांना चालेल. दाणा चेपला गेला तर त्याला ओल आहे, दोन उन्हं द्या आणि मगच भरडा.

२. नाचणा रोळून घेणं

नाचण्याचा दाणा मोहरीएवढा, त्यामुळे खडा हाताने निवडता येत नाही. आधी सुपात पाखडून फोलपट उडवा. मग पसरट पातेल्यात घालून भरपूर पाणी ओता, पातेलं हलकं गोल फिरवा आणि वरचा तरंगता नाचणा पाण्यासकट दुसऱ्या पातेल्यात ओता. खडे तळाशी राहतात. असं चार-पाच वेळा करा. शेवटच्या खेपेला तळातला मूठभर नाचणा सरळ टाकून द्या. तेवढ्याचा लोभ केला की सगळ्या आंबिलीत कचकच येते.

धुतलेला नाचणा सुती कापडावर पसरून पूर्ण वाळवा. ओलसर नाचणा गिरणीत चिकटतो, पीठ गरम होतं आणि त्याला कुबट वास लागतो. दळायला देताना आधी काय दळलं हे विचारा. मिरची किंवा हरभरा दळून झाला असेल तर थांबा. तांदळाच्या किंवा जोंधळ्याच्या मागून दळलं तर चव बिघडत नाही. ज्याला गहू अजिबात चालत नाही अशा माणसाची न्याहारी असेल तर दळण घरच्या चक्कीवरच करा.

नाचण्याचं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर चांगलं राहतं. जोंधळ्याचं राहत नाही, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतच कडवट होऊ लागतं. आंबील कडू लागते म्हणून लोक ताकाला दोष देतात, तेव्हा आधी पिठाची चिमूट जिभेवर ठेवून बघा.

मोड आणलेल्या नाचण्याचं सत्त्व वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं, त्यामुळे सत्त्वाची आंबील तितक्याच पिठात पातळ होते. एका वाटीऐवजी दीड वाटी घ्या. सहा महिन्यांवरच्या बाळाला हेच सत्त्व चांगलं शिजवून देता येतं, मात्र वर्षाच्या आत त्यात मीठ आणि गूळ दोन्ही घालू नये.

सावधान: नाचण्यासारखेच मोड जोंधळ्याला आणून त्याचं सत्त्व करू नका. जोंधळ्याच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य तयार होतं. नाचण्याला चालतं म्हणून जोंधळ्यालाही चालेल, असा हिशेब इथे लागू होत नाही.

३. रात्रीचं आंबवण

एक वाटी नाचण्याचं पीठ म्हणजे सुमारे ९० ग्रॅम. ते दोन वाट्या कोमट पाण्यात कालवा. सगळं पाणी एकदम ओतू नका. आधी अर्ध्या वाटीत घट्टसर लगदा करा, बोटांनी गाठी मोडा, मग उरलेलं पाणी घाला. वरून दोन चमचे ताजं ताक घाला. मीठ आत्ता घालू नका, त्याने आंबण्याची क्रिया मंदावते आणि सकाळी नुसतं भिजलेलं पीठ हाती लागतं.

भांडं मातीचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं घ्या. कल्हई नसलेलं तांबं-पितळ आणि ॲल्युमिनियम नको, आंबटपणा त्यांना लागतो. भांडं निम्म्याहून थोडं जास्त रिकामं ठेवा, तोंडावर पातळ फडकं बांधा आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्या.

किती वेळ ठेवायचं, हे गावावर आणि महिन्यावर ठरतं. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात सात-आठ तासांत आंबवण तयार होतं, आणि रात्री साडेनऊला कालवलेलं सकाळी सहाच्या पुढे राहिलं तर तोंड आंबेल इतकं आंबट होतं. उलट जांबोटी, कणकुंबीकडच्या श्रावणात किंवा बेळगाव शहरातल्या डिसेंबरच्या थंडीत बारा-चौदा तास लागतात. तिथे संध्याकाळी पाच-सहालाच पीठ कालवायला हवं. थंडीत भांडं जाड कापडात गुंडाळून फडताळात ठेवलं तर फरक पडतो. पाककृतीत ‘रात्रभर’ असं लिहिलेलं असतं, आणि बहुतेकांची आंबील या एका शब्दामुळेच फसते. घड्याळापेक्षा भांड्याकडे बघा.

तपासा: तयार आंबवणात पीठ खाली बसलेलं, वर निवळी आलेली आणि कडेला बारीक बुडबुडे असतात. वास ताज्या ताकासारखा आंबूस येतो. बुडबुडे नाहीत आणि वास नुसत्या पिठाचा, तर अजून दोन तास ठेवा.

सावधान: वर गुलाबी, हिरवा किंवा काळा डाग, तार सुटणारा बुळबुळीतपणा किंवा कुजका वास, यातलं काहीही दिसलं तर सगळं टाकून द्या. वरचा थर काढून खालचं वापरू नका. भांडं उकळत्या पाण्याने धुवा आणि पुढच्या वेळी ताक ताजंच घ्या.

आंबवण फार आंबट झालं असेल तर वरची निवळी ओतून टाका आणि तेवढंच साधं पाणी घाला. आंबटपणा बराच उतरतो.

४. आंबील शिजवणं

जाड बुडाच्या पातेल्यात तीन वाट्या पाणी उकळायला ठेवा. तोवर आंबवण रवीने तळापासून ढवळून एकजीव करा, कारण खाली बसलेलं पीठ तसंच राहिलं तर पहिली धार पाण्याची आणि शेवटची चिखलाची पडते.

पाण्याला खळखळून उकळी आली की आच मंद करा. एका हाताने पाणी ढवळत राहा, दुसऱ्या हाताने आंबवणाची बारीक धार सोडा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका. पिठाच्या गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि मध्ये कोरडं पीठ अडकतं. गुठळी अशी बनते आणि नंतर कितीही उकळलं तरी ती विरघळत नाही.

दोन-तीन मिनिटांत आंबील दाट होते. इथे बरेचजण गॅस बंद करतात. दाट झाली म्हणजे शिजली असं नाही. मंद आचेवर अजून दहा-बारा मिनिटं हवीत आणि पळी तळाला लागेल अशी फिरवत राहायला हवी. रंग मातकट असतो तो गडद तपकिरी होतो, वर चकाकी येते आणि बुडबुडे ‘फद् फद्’ असे जड आवाजाने फुटू लागतात. हात जरा लांब ठेवा, या बुडबुड्यांचा चटका वाईट बसतो. शेवटी एक चमचा मीठ.

तपासा: थंड ताटलीवर एक थेंब टाका. मिनिटभरात त्यावर साय धरली आणि चाखल्यावर पिठूळ लागलं नाही, तर शिजली.

गुठळ्या झाल्याच तर आच बंद करून रवीने घुसळा आणि मोठ्या भोकांच्या गाळणीतून गाळा. फार दाट वाटली तर उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं तर ते नीट मिसळत नाही आणि वाडग्यात पाणी वेगळं, आंबील वेगळी असं होतं.

५. ताक घालण्याची वेळ

आंबील फुटण्याचं कारण सहसा एकच: ती गरम असताना ताक घातलेलं असतं. ताक आधीच आंबट, त्यावर उष्णता पडली की दुधातली प्रथिनं आकसून गोळा होतात आणि पाणी सुटतं. म्हणून पातेलं उतरवून उघडं ठेवा, मधूनमधून ढवळा म्हणजे साय धरणार नाही. बोट बुडवून दहा अंक मोजता आले की मगच दोन वाट्या ताक घाला. घाई असेल तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा.

ताक एक वाटी दह्याला दोन वाट्या पाणी या प्रमाणात घुसळलेलं असावं. चार लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि अर्धा चमचा जिरं एकत्र ठेचून त्यातच मिसळा, वर कोथिंबीर. लसूण आंबिलीत शिजवू नका. ताकातल्या कच्च्या लसणाचा वासच या वाडग्याला हवा असतो.

ताक घातल्यावर आंबील परत तापवायची नाही. कुणाला गरमच हवी असेल त्याची आधीच वेगळी काढून ठेवा.

६. कण्या भरडणं आणि चाळणं

आंबील चुकली तर दुरुस्त करता येते. कण्यांचं तसं नाही. इथे सगळा खेळ भरडण्याचा आणि चाळणीचा.

१. एक किलो शाळूवर अर्धी वाटी पाणी शिंपडा, हाताने चोळा आणि झाकून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. वरचं साल ओलं होऊन सुटायला येतं, आतला दाणा मात्र कोरडाच राहतो. तासभर ठेवलात तर पाणी आत जातं आणि दाणा फुटायच्या ऐवजी चेपला जातो.

२. उखळात हलक्या हाताने सडा, सुपात पाखडून कोंडा काढा. उखळ नसेल तर जाड गोणपाटावर चोळून थोडा कोंडा निघतो. तेवढाही पुरे, सगळा कोंडा काढायची गरज नाही.

३. सावलीत तासभर वाळवा.

४. गिरणीत ‘जाडसर भरड, एका दाण्याचे चार-पाच तुकडे’ असं सांगा आणि पहिली मूठ बाहेर पडली की स्वतः बघा. मिक्सरवर करायचं असेल तर एका वेळी एकच वाटी, पाच-पाच सेकंदांचे तीन-चार झटके. सलग फिरवलं की पीठ होतं.

५. आता दोन चाळण्या. पिठाच्या चाळणीने पीठ खाली पाडा. वर जे राहिलं ते रव्याच्या चाळणीने चाळा. बारीक कण्या खाली पडतात, जाड वर राहतात.

तीन डबे वेगळे ठेवा. जाड कण्यांना शिजायला बारीक कण्यांच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. दोन्ही एकत्र शिजवल्या की बारकींचा लगदा होतो आणि जाड कच्च्या राहतात, लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली तक्रार नेमकी हीच. पीठ भाकरीत वापरा.

तपासा: चाळलेल्या जाड कण्या मुठीत दाबून सोडा. तळहाताला पांढरं पीठ लागलं तर अजून एकदा चाळा.

७. कण्या शिजवणं

एक वाटी जाड कण्या दोन पाण्यांनी धुवा आणि अर्धा तास भिजवा. रात्रभर भिजवू नका, कडा विरघळून चिकट होतात.

घट्ट हव्या असतील तर चार वाट्या पाणी, वाडग्यात ओतता येतील अशा हव्या असतील तर सहा. पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा तेल घालून उकळी आणा. भिजवलेल्या कण्या निथळून घाला. पहिली पाच मिनिटं सतत ढवळायचं, कारण कण्या जड असतात आणि तळाशी बसून लागतात. पाच मिनिटांनी त्या फुगून वर येतात. तिथून पुढे ढवळणं थांबवा. आच मंद, झाकण अर्धवट, पंचवीस मिनिटं. मध्ये एक-दोनदा तळ खरवडला की पुरे, सारखं ढवळलं तर कण्या मोडून चिकटतात. मग आच बंद करून झाकण घट्ट लावा आणि दहा मिनिटं हात लावू नका. या दहा मिनिटांत उरलेलं पाणी आत मुरतं. बारीक कण्यांना भिजवणं नको, पंधरा मिनिटांत होतात.

तपासा: एक कणी बोटांत चिरडा. मध्ये पांढरा टणक ठिपका दिसला तर अर्धी वाटी उकळतं पाणी घालून आणखी पाच मिनिटं.

सावधान: कुकरमध्ये करत असाल तर निम्म्याच्या वर भरू नका. कण्यांचा फेस वर चढून शिट्टीच्या भोकात अडकतो. तीन शिट्ट्या, मग मंद आचेवर पाच मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या.

शिजताना ताक, टोमॅटो, चिंच असं काहीही आंबट घालू नका. आंबटपणात दाणा लवकर मऊ होत नाही.

८. कशाबरोबर खायच्या

ताक-कण्या ही सगळ्यात भरवशाची न्याहारी. कोमट घट्ट कण्यांवर ताक ओतायचं, हाताने फोडलेला कांदा, शेंगाची चटणी आणि तळलेली सांडगी मिरची. चटणी कण्यांत कालवू नका, कडेला ठेवा आणि घासाघासाला लावून घ्या, नाहीतर दोन मिनिटांत सगळा वाडगा एकाच चवीचा होतो. शेंगाऐवजी कारळाची किंवा जवसाची चटणीही छान लागते. दुकानात त्यांना ‘गुरेळ्ळू’ आणि ‘अगशी’ म्हणा.

दूध-गूळ हवं असेल तर क्रम पाळा. गरम कण्यांत आधी दोन मोठे चमचे चिरलेला गूळ विरघळवा, पाच मिनिटं निवू द्या आणि मग कोमट दूध. गूळ आणि दूध एकत्र उकळलं तर गुळातल्या आम्लाने दूध फाटतं. वर ओलं खोबरं आणि चमचाभर तूप.

फोडणीच्या कण्या आदल्या दिवशीच्या उरलेल्या घट्ट कण्यांच्याच कराव्यात. ताज्या कण्या कढईत गोळा होतात.

दिवसभर शेतात किंवा उभ्याने काम असेल तर नुसत्या कण्या अकरापर्यंतच पुरतात. सोबत वाटीभर मटकीची उसळ किंवा हुलग्याची आमटी घेतली तर दुपारपर्यंत निभावतं. मधुमेह असणाऱ्यांनी नाचण्याच्या पातळ आंबिलीबद्दल सावध राहावं. बारीक दळलेलं आणि पातळ शिजवलेलं पीठ पटकन पचतं, त्यामुळे ‘नाचणा आहे, साखर वाढणार नाही’ असं गृहीत धरू नये. त्यांना जाड कण्या आणि उसळ जास्त बरी, तीही एकच वाडगा, आणि दोन तासांनी साखर तपासून स्वतःचं माप ठरवावं.

९. उरलेलं

ताक घातलेली आंबील उन्हाळ्यात दुपारी बारापर्यंत संपवा, मातीच्या मडक्यात ठेवली असली तरी. ताक न घातलेली फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. गार झाल्यावर ती थिजते, तेव्हा चमच्याने फोडून थोडं कोमट पाणी घाला आणि रवीने घुसळा. ताक तेव्हाच ताजं घाला.

कण्या उरल्या तर तासा-दीड तासाच्या आत पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा. पातेल्यातच झाकून रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या कण्या सकाळी तारदार झाल्या असतील तर धुऊन, फोडणी देऊन वाचवायला जाऊ नका, टाकून द्या.

नियमित आंबील करणाऱ्या घरी सकाळी शिजवण्याआधी दोन चमचे आंबवण बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवावं. त्या रात्री ताकाऐवजी तेच घातलं की आंबायला ताकापेक्षा कमी वेळ लागतो, म्हणून कालवायची वेळ तासभर पुढे ढकला. आठवड्यातून एकदा ते टाकून पुन्हा ताज्या ताकापासून सुरुवात करा.